संचलन संपल्यानंतर

१५ जानेवारी २०२५ रोजी खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर ७७ व्या सेनादिनाचे संचलन झाले. हा मान पुण्यनगरीस प्रथमच लाभला. ओळीने चालणारी पथके, वाद्यवृंद, ओझी वाहणारी यांत्रिक खेचरे हे सारे पाहून नगरवासीयांचा ऊर भरून आला, आणि तो यावा यात गैर काहीच नाही. पुढे चार महिन्यांतच, ७ मे २०२५ रोजी, 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. चार दिवस अवघा देश दूरचित्रवाणीसमोर बसून होता. चौकाचौकांत फलक लागले, मिरवणुका निघाल्या, आपल्या चर्चमधूनही जवानांसाठी प्रार्थना झाल्या. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली आणि हळूहळू सारे आपापल्या कामाला लागले.

सैनिकाविषयीचा आपला आदर असा प्रसंगोपात्त असतो. माजी सैनिकांसाठी दिनदर्शिकेत दिवस नाही असे नाही. फील्ड मार्शल करिअप्पा हे सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती. ते १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्या स्मरणार्थ अलीकडे १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन पाळला जातो. परंतु आपल्याकडे तो संक्रांतीच्या तिळगुळात हरवतो. आणि ज्याच्यासाठी तो पाळायचा, तो निवृत्त हवालदार आपल्याच गल्लीत राहत असतो. त्याचे गुडघे दुखतात, त्याला कमी ऐकू येते, रविवारच्या मिस्साला तो शेवटच्या बाकावर बसतो आणि मिस्सा संपताच कोणाशी न बोलता निघून जातो. त्याच्या गणवेशाचा आपणांस अभिमान आहे. त्याचे पूर्ण नाव मात्र आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल, याविषयी आम्हांस शंका आहे.

पुणे हे लष्कराचे शहर, असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सदर्न कमांड, कॅम्प आणि खडकवासल्याची प्रबोधिनी येते. हे शहर तितकेच जायबंदी सैनिकांचेही आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय शिपायांना एखादा धंदा शिकवावा म्हणून १९१७ साली मुंबईत एक शाळा निघाली. पुढे ती खडकीस आली आणि आज क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ साली, मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उघडले. प्रत्येक मोठ्या युद्धाने या शहरात आपली एक वास्तू मागे ठेवली आहे. जेथे सेनादिनाचे संचलन झाले, त्याच खडकीत आजही चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे, तसेच स्वतःहून कुशीवरही न वळू शकणारे सैनिक राहतात.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे नाव आता चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले आहे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या शरीरात गोळ्या शिरल्या. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. भारतासाठी ते अशा स्पर्धेतील पहिले वैयक्तिक सुवर्ण होते. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ साली. सुवर्णपदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये ४६ वर्षे गेली. हा एक ख्यातनाम खेळाडू. ज्यांच्यावर चित्रपट निघणार नाही, त्यांच्या वाट्याला किती प्रतीक्षा येत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. पुण्याची ख्रिस्तसभा ही मुळात सैनिकांची ख्रिस्तसभा आहे, हे आमच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोमंतकीय कॅथलिक शिपाई व अधिकारी होते. त्यांपैकी दोम मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी चर्चसाठी जमीन दिली, आणि क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च अस्तित्वात आले. हिंदू राज्यकर्त्याने आपल्या ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी जागा द्यावी, ही या शहराची परंपरा. आज आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल असलेले सेंट पॅट्रिक्स हे १८५० साली ब्रिटिश फौजेतील आयरिश कॅथलिक शिपायांसाठी बांधले गेले. १८८६ साली धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा बरीचशी उपासनामंदिरे छावण्यांच्या आसऱ्यानेच उभी होती. युद्धाची झळही आपल्याला बसली आहे. पहिल्या महायुद्धात येथील जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंना देश सोडावा लागला आणि अहमदनगरकडची (आजच्या अहिल्यानगरची) मिशनकेंद्रे पोरकी झाली. 'निरोप्या' मासिकाचे संस्थापक बिशप डोरिंग १९२१ साली जपानमध्ये हिरोशिमाला नेमले गेले. पुण्याला ते परतले थेट १९२७ मध्ये.

स्वातंत्र्यानंतरही ही परंपरा खंडित झाली नाही. १९७१ साली बसंतरच्या लढाईत ५४ व्या पायदळ डिव्हिजनचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट जनरल वॉल्टर पिंटो हे आपल्याच पुण्यात १९२४ साली जन्मलेले कॅथलिक. निवृत्तीनंतर ते येथेच राहिले आणि मार्च २०२१ मध्ये येथेच निवर्तले. त्याच लढाईत वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते अरुण खेत्रपाल हेही पुण्यातच जन्मले होते. त्याच युद्धात पूर्व आघाडीवर परमवीरचक्र मिळविणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का हे झारखंडच्या आदिवासी कॅथलिक कुटुंबातले. ही नावे मोठी आहेत. परंतु वानवडी, फातिमानगर, घोरपडी, देहूरोड, खडकी येथील धर्मग्रामांत ज्यांचे नाव कोणत्याही फलकावर नाही असे निवृत्त शिपाई, नाईक, सुभेदार आणि त्यांच्या विधवा आहेत, आणि आमचा विषय तीच माणसे आहेत.

येथे एक प्रश्न उपस्थित होईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शत्रूवर प्रीती करा असे सांगणाऱ्या प्रभूच्या अनुयायांनी शस्त्रधाऱ्याचा सन्मान कसा करावा? ८ मे २०२५ रोजी, म्हणजे सीमेवर तोफा धडधडत असतानाच, पोप लिओ चौदावे यांची निवड झाली, आणि ११ मे रोजी आपल्या पहिल्याच रविवारच्या प्रार्थनेत त्यांनी भारत व पाकिस्तान यांच्यातील शस्त्रसंधीचे स्वागत केले. ख्रिस्तसभेचे मन शांतीकडे आहे याविषयी संशय नको. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सैनिकाला लोकांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक मानले, आणि तो आपले कर्तव्य नीट करील तर शांतीलाच हातभार लावतो, असे म्हटले. शुभवर्तमानातही सैनिक दूर ठेवलेला नाही. कफर्णहूमचा शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी प्रभूकडे आला, आणि त्याने नम्रतेने जे उद्गार काढले तेच थोड्या फरकाने आपण प्रत्येक मिस्सामध्ये पवित्र कम्युनियनपूर्वी म्हणतो. एका परकीय लष्करी अधिकाऱ्याचे शब्द आपल्या उपासनेच्या ऐन गाभ्यात बसले आहेत. युद्धाचा जयजयकार आणि सैनिकाचा सन्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने युद्ध जवळून पाहिले आहे असा निवृत्त सैनिक पहिल्या गोष्टीत क्वचितच रमतो, असा आमचा अनुभव आहे.

खडकीच्या चर्चला ज्यांचे नाव आहे ते संत इग्नेशियस स्वतः जायबंदी सैनिकच होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अनेक महिने ते लोयोलाच्या वाड्यात खाटेवर पडून राहिले. वेळ जाईना म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. तसे पुस्तक घरात नव्हते. तेव्हा त्यांची भावजय माग्दालेना हिने घरात होते ते दिले: एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा संग्रह. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. भावजयीने काही थोर कार्य योजले नव्हते. खाटेवर पडलेल्या, चिडचिड्या झालेल्या दिराला तिने वाचायला काहीतरी दिले, इतकेच.

छोट्या कृती म्हणतात त्या अशा असतात. आता आजच्या पुण्यात त्या कोणत्या, हे थोडे तपशिलात सांगितले पाहिजे, कारण 'प्रेम करा' एवढे म्हणून प्रवचन संपविणे आम्हां धर्मगुरूंना फार सोपे जाते.

प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. यालाच हयातीचा दाखला म्हणतात. बहुतेकांचा तो नोव्हेंबरात द्यायचा असतो. पूर्वी सैनिकाचे निवृत्तिवेतन बँकेतून निघे. म्हातारा काठी टेकत बँकेत जाई, कारकून त्याला चेहऱ्याने ओळखत असे, रजिस्टरवर अंगठा किंवा सही झाली की काम संपे. नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय आली, आणि पुढे संरक्षण खात्याने निवृत्तिवेतनाचा सारा कारभार 'स्पर्श' या संगणकप्रणालीवर नेला. याने भ्रष्टाचाराला आळा बसतो, खेटे वाचतात, हे खरेच. परंतु आयुष्यभर कुदळ, दोर आणि बंदूक धरलेल्या बोटांचे ठसे उतारवयात यंत्रावर उमटत नाहीत. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला सांकेतिक क्रमांक येतो तो वाचता येत नाही. दाखला वेळेत गेला नाही की निवृत्तिवेतन थांबते. दाखला दिल्यावर ते थकबाकीसह पुन्हा सुरू होते हे खरे, पण मधल्या महिन्यांत औषधे कोठून आणायची?

नोव्हेंबर २०२१ पासून भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून हा दाखला देण्याची सोय झाली आहे. ठशाची गरज नाही. ज्या तरुणाकडे बरा स्मार्टफोन आहे त्याला हे काम घरबसल्या दहा-पंधरा मिनिटांत करून देता येते. पूर्वी कारकून ओळखत असे तो चेहरा आता यंत्र ओळखते. यंत्र समोर धरणारा हात मात्र कोणाचा तरी लागतोच. आमच्या युवक मंडळाच्या सभासदांना आम्ही एवढेच सांगू की हा हात तुमचा असू द्या, पण सांकेतिक क्रमांक त्या वृद्धाच्या देखतच वापरा, कोठेही लिहून घेऊ नका, आणि त्याच्या घरातील एखादे माणूस शेजारी असू द्या. या वयाच्या लोकांना फोनवरून लुबाडणारे पुष्कळ झाले आहेत. मदतीला येणाऱ्यावर त्यांनी संशय घेतला तर त्याचा राग मानू नये.

विधवांचा प्रश्न याहून अवघड. पतीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पत्नीचे नाव आणि विवाहाची नोंद सैन्याच्या दप्तरात असावी लागते. आपल्या लोकांची नावे हा एक स्वतंत्र गोंधळ आहे. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेत घातलेले दुसरे, सासरी ठेवलेले तिसरे, आणि आधारपत्रावर कारकुनाने टंकलेले चौथेच. सैन्याच्या कागदावर 'मार्था', आधारपत्रावर 'मारथाबाई', आणि शिधापत्रिकेवर माहेरचे घरगुती नाव अशी एक वृद्धा आमच्याकडे आली होती. या तिन्ही स्त्रिया एकच आहेत हे सिद्ध करता करता तिचे वर्ष गेले. अशा वेळी धर्मग्रामाच्या कार्यालयातील बाप्तिस्मा व विवाहाच्या जुन्या नोंदवह्या उपयोगी पडतात. प्रत्येक ठिकाणी हा दाखला एकट्याने पुरेसा ठरेलच असे नाही, पण दुरुस्तीच्या अर्जाला तो आधार होतो. म्हणून आमच्या धर्मगुरूबंधूंना विनंती आहे की असा दाखला मागायला कोणी आले तर 'पुढच्या आठवड्यात या' असे म्हणू नये. जन्मतारखेचेही तसेच. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात २० टक्क्यांची वाढ मिळते, ८५ व्या वर्षी ती ३० टक्के होते, ९० व्या वर्षी ४० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. पण विधवेची जन्मतारीखच दप्तरात नसेल तर ती वाढ कोण देणार?

आणखी एक वर्ग आहे, ज्याचा सहसा उल्लेखही होत नाही. शिपायाला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी काही कारणाने घरी आलेल्या माणसाला निवृत्तिवेतन नाही. अशा हवालदार व त्याखालील दर्जाच्या, ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून दरमहा अनुदान मिळते. ते ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये करण्यात आले. मुलांच्या शिक्षणाचे अनुदानही त्याच वेळी दुप्पट झाले. हा पैसा येतो कोठून? सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला जी चिमुकली ध्वजचिन्हे विकली जातात, ज्यांच्यासाठी शाळेतून मुले डबा घेऊन आली की आपण खिसे चाचपतो, त्याच निधीतून. आपण टाकलेली नोट कोणा निराधार वृद्धाच्या महिन्याच्या किराण्यात जाते, हे कळले तर देणाऱ्याचा हात थोडा सैल होईल. अनुदानाचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होतो. अर्ज भरून देणारे माणूस मिळाले तर अर्धे काम झाले.

कागदांच्या पलीकडे सोबतीचा विषय उरतो, आणि त्याविषयी नियम सांगता येत नाहीत. दवाखान्यात नेऊन आणणे, पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला जेवायला बोलावणे, ऐकू येत नसेल तर चर्चमध्ये ध्वनिक्षेपकाजवळची जागा राखून ठेवणे, ही कामे कोणालाही जमतील. युद्धाविषयी खोदून विचारू नये. तो सांगू लागला तर मध्ये तोडू नये. आणि छायाचित्र काढू नये. शाल, श्रीफळ आणि मागे संस्थेचा फलक असा सत्कार करून घेताना अनेक वृद्ध सैनिक अवघडून उभे असतात. ते शिस्तीची माणसे असल्यामुळे काही बोलत नाहीत, एवढेच.

अशा मदतीने शासनाचे ओझे हलके करावे, असा आमचा हेतू नाही. सैनिकाला जे कायद्याने देय आहे ते दया म्हणून देण्याची गोष्ट नव्हे, आणि अपंगत्वाच्या वेतनासाठी त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागत असेल तर त्याविषयी आपण बोललेच पाहिजे. मात्र न्याय मिळेपर्यंतच्या काळात संध्याकाळी दार ठोठावणारे कोणीतरी हवे.

११ नोव्हेंबर हा संत मार्टिन यांचा सण. १९१८ साली पहिले महायुद्ध थांबले तेही ११ नोव्हेंबरलाच. रोमन सैन्यात असताना मार्टिनने ऐन थंडीत आमियां शहराच्या वेशीवर एका भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला. त्याच रात्री स्वप्नात त्याने तो अर्धा झगा प्रभूच्या अंगावर पाहिला. त्या झग्याला लॅटिनमध्ये जो शब्द होता, त्यावरूनच 'चॅपेल' आणि 'चॅप्लेन' हे शब्द आले. या कथेत देणारा सैनिक आहे, हे आपण विसरतो. निवृत्त सैनिकाला नुसते घेणारा मानू नये. नाताळच्या मध्यरात्री वाहनांची व्यवस्था, मत माउलीच्या यात्रेतील रांगा, दफनभूमीची देखरेख, मुलांची कवायत ही कामे त्याला विचारून पाहा. सेवेची जागा सुटल्याचे दुःख अनेकांना वयापेक्षा अधिक वाकविते.

नोव्हेंबरात आपण मृतांचे स्मरण करतो, आपापल्या दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिक विसावले आहेत. त्यांच्यासाठी येथे मेणबत्ती लावायला आईबाप कधी येऊ शकले नाहीत. बालधर्मशिक्षणाचा एक वर्ग एखाद्या रविवारी तेथे न्यावा. शिलांवरची वये मुलांना स्वतः वाचू द्यावीत.

आणि आता येणाऱ्यांविषयी. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी सुरू झाले. म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ संपता संपता आणि २०२७ च्या प्रारंभी पूर्ण होतात. २०२२ च्या अटींनुसार त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत मुले सैन्यात राहतील. बाकीची सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, आणि त्या अटींप्रमाणे माजी सैनिक हा दर्जाही नाही. योजना बरी की वाईट हा वाद तज्ज्ञांनी घालावा. तेवीस-चोवीस वर्षांचा, पहाटे उठण्याची सवय असलेला आणि सीमेवर राहून आलेला मुलगा गावी परततो तेव्हा त्याच्या ओळखीचे सारे मित्र एव्हाना नोकरीला लागलेले असतात. आपल्या धर्मग्रामांत कारखानदार आहेत, शाळांचे व्यवस्थापक आहेत, रुग्णालये चालविणाऱ्या धर्मभगिनी आहेत. या मुलांपैकी आपली कोण, हे आताच शोधून ठेवले पाहिजे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांची नावे १९९९ ते २००५ च्या पानांवर सापडतील.